‘होतो’ म्हणजे ‘हॅड’ नव्हे

‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ हे वाक्य इंग्रजीत सांगा म्हटलं की मराठी माणूस हमखास म्हणतो, ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.’ त्याचा फारसा दोष नाही. शाळेत ‘गेलो होतो’ला पूर्ण भूतकाळ म्हणतात आणि ‘हॅड गॉन’लाही पूर्ण भूतकाळच म्हणतात. नाव एक, म्हणजे काम एक, असं कुणालाही वाटेल. पण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला हे वाक्य अर्धवट वाटतं. गेला होतास, बरं, पण कशाच्या आधी? तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. त्याच्या भाषेत इथे साधं ‘आय वेन्ट टू पुणे यस्टरडे’ हवं.

मराठीतला ‘गेलो होतो’ वेगळंच काही सांगतो. जाऊन आलो, ती गोष्ट संपली, आता मी तिथे नाही. नुसतं ‘गेलो’ आणि ‘गेलो होतो’ यांत आपण जो फरक करतो तो हा. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला जाऊन येण्याशी देणंघेणं नाही. भूतकाळातल्या दोन घटना समोर असतील आणि त्यांतली आधीची कोणती हे दाखवायचं असेल, तर त्या आधीच्या घटनेला ‘हॅड’ लागतं. ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट’ म्हणजे मी स्टँडवर पोचलो तेव्हा बस निघून गेलेली होती, माझी चुकली. ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट’ म्हणजे मी पोचलो आणि बस सुटली, डोळ्यांदेखत. एका ‘हॅड’ने अर्थ फिरतो, म्हणूनच ते कुठेही पेरायचं नसतं.

ऑफिसच्या ईमेलमध्ये ही चूक सर्वांत जास्त दिसते. ‘आय हॅड सेंट यू द फाइल लास्ट वीक.’ ‘वी हॅड डिस्कस्ड धिस ऑन मंडे.’ दोन्हीकडे ‘हॅड’ काढून टाका, वाक्यं सरळ होतात. लिहून झालं की प्रत्येक ‘हॅड’वर बोट ठेवा आणि नंतर घडलेली दुसरी जुनी घटना जवळपास आहे का ते पाहा. नसेल तर ‘हॅड’ खोडा. दोन घटना असूनही ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ने क्रम स्पष्ट होत असेल, तर ‘हॅड’ नसलं तरी चालतं: ‘आफ्टर ही लेफ्ट, आय लॉक्ड द डोअर.’

माझ्या मते मराठी माणसाच्या इंग्रजी काळांचा बराचसा गोंधळ या एका उदाहरणात सापडतो. मराठी वाक्याचा काळ शेपटीला असतो. ‘तो रोज सकाळी सात वाजता शाळेत जात...’ इथपर्यंत ऐकूनही काही कळत नाही. पुढे ‘आहे’ येईल, ‘असे’ येईल, ‘होता’ येईल किंवा ‘नाही’ येऊन सगळं उलटंही होईल. इंग्रजी वाक्याचा काळ आणि नकार कर्त्याच्या पाठोपाठ, तोंडालाच येऊन बसतात. आपण इंग्रजी बोलताना मनातल्या मराठी वाक्याच्या शेपटीला असलेला ‘आहे’, ‘होता’, ‘असेल’ उचलतो आणि त्याला एकेक ठरलेला इंग्रजी शब्द चिकटवतो. तिथे घोटाळा होतो.

काळाचा शिक्का एकाच शब्दावर

शाळेत बारा खणांचा तक्ता पाठ करून घेतात: तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार. तक्ता खोटा नाही, पण त्यातून बोलता येत नाही. त्याऐवजी इंग्रजी क्रियापदाची रचना समजून घेतली तर बाराही खण आपल्यालाच भरता येतात.

शब्दांचा क्रम ठरलेला आहे. आधी ‘विल, कॅन, मस्ट’ यांच्यापैकी एक, मग ‘हॅव’, मग ‘बी’, शेवटी मुख्य क्रियापद. सगळे लागतातच असं नाही, पण जे येतील ते याच क्रमाने येतील. प्रत्येक शब्द आपल्या लगेच पुढच्या शब्दाचं रूप ठरवतो. ‘विल’ किंवा ‘कॅन’नंतर मूळ रूप. ‘हॅव’नंतर तिसरं रूप (गो-वेन्ट-गॉन यातलं ‘गॉन’). ‘बी’नंतर आयएनजी लागलेलं रूप (‘वर्किंग’सारखं), आणि कर्मणी प्रयोग असेल तर ‘बी’नंतर तिसरं रूप. ‘शी विल हॅव बीन वर्किंग’ हे भयंकर दिसणारं वाक्य असं उलगडतं: ‘विल’मुळे ‘हॅव’ मूळ रूपात, ‘हॅव’मुळे ‘बी’चं ‘बीन’, ‘बीन’मुळे ‘वर्किंग’.

काळाचा शिक्का मात्र या रांगेतल्या पहिल्याच शब्दावर बसतो, आणि एकदाच बसतो. ‘ही इज वर्किंग’चं ‘ही वॉज वर्किंग’ होतं, ‘ही हॅज गॉन’चं ‘ही हॅड गॉन’ होतं. मागचे शब्द हलत नाहीत. हेच नकाराला आणि प्रश्नाला लागू. ‘नॉट’ पहिल्या शब्दानंतर येतं: ‘ही हॅज नॉट गॉन.’ प्रश्न करायचा तर पहिला शब्द कर्त्याच्या पुढे उडी मारतो: ‘हॅज ही गॉन?’

आता रांगेत मदतनीस शब्दच नसेल तर? ‘ही गोज’, ‘ही वेन्ट’ यांत एकटं मुख्य क्रियापद आहे. ‘बी’ सोडलं तर इंग्रजी मुख्य क्रियापदाला उडी मारता येत नाही, ‘नॉट’ही थेट पेलता येत नाही. म्हणून ‘डू’ उसना आणतात. ‘डू’ आला की शिक्का त्याच्यावर जातो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परततं. ‘ही गोज’मधला ‘एस’ ‘डझ’कडे गेला, म्हणून ‘डझ ही गो?’ ‘वेन्ट’मधला भूतकाळ ‘डिड’कडे गेला, म्हणून ‘ही डिड नॉट गो.’ ‘डिड यू वेन्ट?’ आणि ‘ही डझन्ट गोज’ चूक का, याचं कारण एवढंच: शिक्का दोनदा मारला. हे कारण कळलं की नियम वेगळा घोकावा लागत नाही.

‘एस’बद्दल आणखी थोडं. मराठीत जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात अशी क्रियापदाची किती रूपं आपण सहज वापरतो! भूतकाळात तर क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: सीताने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘सीता एट’. लिंग नाही, कर्माची दखल नाही. एवढ्या सवलतीच्या बदल्यात, ‘बी’ची रूपं सोडली तर, इंग्रजी फक्त एक ‘एस’ मागते, साध्या वर्तमानकाळात आणि ‘ही, शी, इट’ किंवा एकट्या नामासाठी. वाक्यात एवढंच एक जपायचं असल्यामुळे ते सुटलं की लगेच दिसतं.

एका ‘आहे’ची कितीतरी भाषांतरं

‘तो डॉक्टर आहे’, ‘तो घरी आहे’ इथे ‘इज’. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘मला ताप आहे’ इथे ‘हॅव’: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव अ कार’, ‘आय हॅव अ फीवर’. ‘अंगणात विहीर आहे’ याला ‘देअर इज अ वेल इन द यार्ड’. ‘मला माहीत आहे’ याला नुसतं ‘आय नो’. ‘मला जायचं आहे’ याला प्रसंग पाहून ‘आय वॉन्ट टू गो’ किंवा ‘आय हॅव टू गो’. ‘मला घाई आहे’ याला ‘आय ॲम इन अ हरी’. ‘तो आला आहे’ म्हणजे ‘ही हॅज कम’, ‘तो येत आहे’ म्हणजे ‘ही इज कमिंग’.

‘आहे’ दिसलं की ‘इज’ किंवा ‘ॲम’ लिहायची सवय असेल तर ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नॉट नोइंग’ अशी वाक्यं होतात. इंग्रजीत नातं, मालकी, माहिती, आवड, समज दाखवणारी क्रियापदं सहसा आयएनजी घेत नाहीत: नो, लाइक, वॉन्ट, बिलीव्ह, अंडरस्टँड, बिलाँग, ओन. मराठीत ‘मला समजतंय’ म्हणतो. इंग्रजीत ‘आय अंडरस्टँड’. ‘हॅव’चा अर्थ ‘जेवणं’, ‘घेणं’ असा असेल तेव्हा मात्र ‘आय ॲम हॅविंग लंच’ अगदी बरोबर.

‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांकडे मी खास लक्ष द्यायला सांगेन. मला आवडतं, मला वाटतं, मला आठवतं, मला पोहता येतं, मला जावं लागलं. मराठीत ‘मला’प्रमाणे क्रियापद बदलत नाही. इंग्रजीत मात्र तोच ‘आय’ होऊन पुढे बसतो: आय लाइक, आय थिंक, आय रिमेंबर, आय कॅन स्विम, आय हॅड टू गो. शेवटच्या वाक्यातला ‘हॅड’ सक्तीचा आहे. पूर्ण भूतकाळाशी त्याचा संबंध नाही.

‘जेवलास का?’ आणि ‘पासून’

‘हॅव’ आणि तिसरं रूप यांची जोडी आजपर्यंत उघड्या असलेल्या काळासाठी आहे. ‘जेवलास का?’ असं विचारताना आपल्याला जेवणाची वेळ नको असते, आत्ता पोट भरलेलं आहे का ते हवं असतं. म्हणून ‘हॅव यू ईटन?’ अमेरिकेत ‘डिड यू ईट?’ही सर्रास म्हणतात, त्यामुळे तिथल्या माणसाचं ऐकून गोंधळू नका. वाक्यात बंद झालेली वेळ आली की मात्र दोन्हीकडचे लोक ‘हॅव’ टाळतात. यस्टरडे, लास्ट इयर, इन 2019, टू डेज अगो यांच्याबरोबर ‘हॅव’ नाही. ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चूक, ‘आय सॉ हिम यस्टरडे’ बरोबर.

‘पासून’ फार फसवतं. ‘मी 2015 पासून नाशिकला राहतो.’ मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणून ‘आय लिव्ह इन नाशिक फ्रॉम 2015’ किंवा ‘आय ॲम लिव्हिंग सिन्स 2015’ असं तोंडात येतं. इंग्रजीत सुरुवात मागे आणि गोष्ट अजून चालू असेल तर ‘हॅव’ लागतंच: ‘आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक सिन्स 2015’, किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’. शिवाय ‘2015 पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ या दोन्हींत आपण एकच ‘पासून’ वापरतो, इंग्रजी तिथे दोन शब्द ठेवते. कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवता येत असेल तर ‘सिन्स’: सिन्स 2015, सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. लांबी मोजता येत असेल तर ‘फॉर’: फॉर थ्री इयर्स, फॉर टू अवर्स. ‘सिन्स थ्री इयर्स’ ही चूक चांगलं इंग्रजी येणाऱ्या मराठी माणसांच्याही तोंडात पक्की बसलेली असते, तेव्हा ही जोडी वेगळी घटवावी.

येतो, आलोच, आला तर

मराठी वर्तमानकाळ फार लवचीक आहे. ‘मी रोज जातो’ ही सवय: ‘आय गो’. निरोप घेताना ‘बरं, जातो मी’, खरं तर आपण ‘येतो’च म्हणतो: ‘आय ॲम लीव्हिंग’ किंवा ‘आय शुड गो’. तिथे ‘आय कम’ म्हटलं तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. ‘उद्या देतो’ हे आश्वासन: ‘आय विल गिव्ह इट टुमॉरो’. ‘पुढच्या सोमवारी दिल्लीला जातोय’, तिकीट काढून झालंय: ‘आय ॲम गोइंग टू डेल्ही नेक्स्ट मंडे’. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. ‘विल’, ‘गोइंग टू’ आणि आयएनजी यांवर ती काम भागवते. ढोबळ फरक असा: आत्ता बोलता बोलता ठरवलं किंवा वचन दिलं तर ‘विल’, मनात आधीच ठरलेलं असेल तर ‘गोइंग टू’, दुसऱ्याशी बोलून पक्कं झालेलं असेल तर आयएनजी.

आपला भूतकाळही भविष्यात धावतो. जिन्यावरून ‘आलोच!’ म्हणणारा अजून घरातच असतो. त्याचं इंग्रजी ‘कमिंग!’ ‘पाऊस आला तर सामना रद्द होईल’ यात ‘आला’ भूतकाळी दिसतं, पण गोष्ट पुढची आहे. इंग्रजी इथे साधा वर्तमानकाळ ठेवते: ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.’ ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ नको. ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘अन्टिल’, ‘ॲज सून ॲज’ यांचंही तसंच. ‘तो आला की फोन करतो’ म्हणजे ‘आय विल कॉल यू व्हेन ही कम्स.’ ‘व्हेन ही विल कम’ नव्हे.

आणखी एक ठिकाण आहे जिथे मराठी सरळ राहते आणि इंग्रजी वळते. ‘तो म्हणाला की मी येतो.’ आपण त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, ‘मी’सुद्धा त्याचाच. इंग्रजीत माणूसही बदलतो आणि काळही एक पायरी मागे सरकतो: ‘ही सेड ही वॉज कमिंग.’

जागा हाच प्रत्यय

‘वाघाने माणसाला मारलं’ आणि ‘माणसाला वाघाने मारलं’ यांत मारणारा वाघच राहतो, कारण ‘ने’ आणि ‘ला’ शब्दांना चिकटलेले आहेत. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत. कोण कर्ता आणि कोण कर्म हे नुसत्या जागेवरून ठरतं. ‘द टायगर किल्ड द मॅन’ उलटवलं की माणसाने वाघ मारला. म्हणून जागा ढिली सोडून चालत नाही.

साध्या वाक्याची रांग अशी: कर्ता, क्रियापदाचा गट, कर्म, मग कसं, कुठे, कधी. ‘शी स्पोक इंग्लिश वेल ॲट द इंटरव्ह्यू यस्टरडे.’ मराठीत बहुधा ‘काल मुलाखतीत’ असं आधी येतं, शेवटी क्रियापद. इंग्रजीत वेळ अगदी सुरुवातीला नेता येते, पण क्रियापद आणि कर्म यांच्या मधे काही घुसवायचं नाही. ‘आय मेट यस्टरडे माय फ्रेंड’ लगेच खटकतं. आपण शब्दयोगी अव्यय नामाला मागून जोडतो, टेबलावर, टेबलाखाली. इंग्रजीत ‘ऑन’, ‘अंडर’ नामाच्या आधी येतात.

कर्ता गाळता येत नाही. मराठीत ‘येतोय’ एवढं म्हटलं की कोण ते क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत कर्ता नसेल तर खोटा उभा करतात: ‘पाऊस पडतोय’ म्हणजे ‘इट इज रेनिंग’, ‘उशीर झाला’ म्हणजे ‘इट इज लेट’. हा ‘इट’ कुणाकडे बोट दाखवत नाही, फक्त जागा भरतो.

प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उडी रद्द होते. ‘तो कुठे राहतो?’ याचं ‘व्हेअर डझ ही लिव्ह?’ पण ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ याचं ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज.’ ‘डझ’ गेला, ‘एस’ क्रियापदावर परत आला. ही चूक मुलाखतीत फार ऐकू येते.

मराठी प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं इंग्रजीत सांडतात ती अशी: ‘विषयाबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरी विथ हर’. दोन्ही क्रियापदं थेट कर्म घेतात: डिस्कस द मॅटर, मॅरी हर. ‘टेल’ही तसंच, ‘टेल हिम’. ‘से’ला मात्र ‘टू’ लागतं, ‘से टू हिम’, आणि ‘लिसन’लाही.

तिसरी रूपं आणि उच्चार

अनियमित क्रियापदांची यादी वर्णानुक्रमे पाठ करणं म्हणजे मेहनत वाया घालवणं. आवाजाने गट करा, डोक्यात टिकतात. न बदलणारी: पुट, कट, हिट, शट, लेट. स्वर बदलणारी: सिंग-सँग-संग, आणि त्याच चालीवर रिंग, ड्रिंक, बिगिन, स्विम. ‘ऑट’वाली, जिथे दुसरं आणि तिसरं सारखं: बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट. शेवटी ‘न’ येणारी: राइट-रोट-रिटन, ड्राइव्ह-ड्रोव्ह-ड्रिव्हन, स्पीक-स्पोक-स्पोकन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन. पहिल्याकडे परतणारी: कम-केम-कम, रन-रॅन-रन, बिकम-बिकेम-बिकम. या शेवटच्या गटात ‘आय हॅव केम’ची चूक होते, कारण भूतकाळाचं रूप कानात जास्त घोळतं. रोज एक गट, आणि प्रत्येक तिसऱ्या रूपाचं ‘आय हॅव’ लावून मोठ्याने वाक्य. नुसतं रूप म्हणू नका.

नियमित क्रियापदांच्या ‘ईडी’चे तीन उच्चार आहेत. मूळ क्रियापद क, प, फ, स, श, च अशा आवाजात संपत असेल तर ‘ट’: वॉक्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, वॉश्ट. ट किंवा ड मध्ये संपत असेल तरच वेगळं अक्षर: वॉन्टिड, नीडिड. बाकी सगळीकडे ‘ड’: प्लेड, ओपन्ड, कॉल्ड. ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ असं म्हटलं तर समजणारा समजून घेतो, पण भरभर बोलताना त्या जादा अक्षराला वेळ पुरत नाही आणि मग अख्खा ‘ईडी’च गळून पडतो. ऐकणाऱ्याला वर्तमानकाळ ऐकू येतो.

सरावासाठी वर्तमानपत्रातली पाच मराठी वाक्यं रोज पुरेत. आधी शेपूट झाकून विचारा: हे कधीचं, संपलं की चालू, दुसरी घटना आहे का? मग कर्ता शोधा; ‘मला’, ‘त्याने’, ‘तिच्याकडे’ यांत लपलेला असेल तर बाहेर काढा. कर्त्याच्या लगेच नंतर क्रियापदाचा गट मांडा आणि पहिल्या शब्दावर काळ लावा. उरलेलं मागे. मग तेच वाक्य नकारी करा आणि प्रश्न करा, म्हणजे पाचाची पंधरा होतात. लिहिलेलं तपासताना सगळं एकदम वाचू नका. एका फेरीत फक्त ‘हॅड’ बघा, दुसऱ्या फेरीत ‘डिड’ आणि ‘डझ’च्या पुढचं क्रियापद, तिसऱ्या फेरीत ‘सिन्स’ आणि ‘फॉर’, आणि शेवटच्या फेरीत एकवचनी कर्त्यांचा ‘एस’.